सरांचं बोट आणि दुसरा कप

आमच्या डिझाइन कॉलेजात गुळवणी सरांचं बोट प्रसिद्ध होतं. उजव्या हाताचं ते बोट एकदा समोरच्यावर रोखलं की तास संपेपर्यंत खाली येत नसे.

वार्षिक परीक्षेला सरांनी फर्मान काढलं, "एका हाताने वापरता येईल अशी वस्तू बनवून आणा. आणि ती कशी वापरायची हे ज्याला तोंडाने सांगावं लागेल, तो नापास!"

परीक्षेच्या दिवशी पोरं आपापली वस्तू घेऊन उभी राहिली. "सर, आधी हे बटण..." एवढं म्हणायचा अवकाश, की सर गरजत, "नापास! बस खाली!" निम्मा वर्ग असाच गारद झाला.

शर्वरी कोकाटेने मात्र आल्या आल्या सरांच्या टेबलावर चहाचा थर्मास आणि कप ठेवला होता, आणि ती गुपचूप जागेवर जाऊन बसली होती. ओरडून ओरडून सरांचा घसा सुकला होता, त्यामुळे मधूनमधून ते चहा घेत होते.

शेवटी बोट तिच्याकडे वळलं. "काय गं कोकाटे, हात हलवत आलीस? वस्तू कुठाय तुझी? बोल की!"

"बोलले तर नापास होईन, सर," शर्वरी म्हणाली. "म्हणून नुसतं विचारते. तुमचा उजवा हात मघापासून आमच्यावर रोखलेला आहे. मग थर्मासचं झाकण उघडून हा दुसरा कप चहा ओतला कुणी?"

वर्गात खसखस पिकली. सरांनी कपाकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. मग ते बोट मुकाट्याने खाली आलं. तिला पास करायची सही त्याच हाताने करावी लागणार होती.