समोर उभा नारळवाला

ड्रायव्हर शिरपतीने ट्रकच्या मागच्या चाकाला हात लावला, तर बोटं तेलाने माखली. अ‍ॅक्सलचं सील फाटून तेल ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. गाडीत साखरेची पोती खच्चून भरलेली, आणि पुढे सगळा घाट उताराचा.

मालक आप्पासाहेब मगदूम मिशीला पीळ देत म्हणाले, "जरा तेल गळालं म्हणून ब्रेक लागायचा राहतो होय रे? मी चाकाखाली नारळ देतो, तू नीघ!"

नाही म्हणावं तर नोकरी जाणार, हो म्हणावं तर जीव. शिरपती केबिनमध्ये चढला. गाडी अड्ड्याच्या चढावरच, तोंड उताराकडे करून उभी होती.

"आप्पासाहेब, तुम्ही नारळ घेऊन खाली, बरोब्बर समोर उभे राहा. मी उतारावरून येतो आणि तुमच्या पायापाशी ब्रेक मारतो."

इंजिन गुरगुरलं. आप्पासाहेब नारळासकट बाजूला उडाले. "अरे थांब! नाहीच लागला ब्रेक तर?"

शिरपतीने इंजिन बंद केलं.

"घाटातही माझ्यासमोर माणसंच येणार, आप्पासाहेब. बाजूला उडायचंय, हे त्यांना कोण सांगणार?"

नारळ फुटला, पण नवं सील बसल्यावर.