गौरीच्या वाकड्या पावलांची कहाणी

ऐका गौरीबाई, तुमची कहाणी. आटपाट असं एक नगर. तिथल्या राजाच्या मुदपाकखान्यावर म्हाळसाबाई नावाची कारभारीण होती. हाताला चव मोठी, पण खोडही मोठी. दुसऱ्यानं केलेलं तिला बघवत नसे.

नवरा धोतराची घडी घाली, ती मोडून पुन्हा घाली. मुदपाकखान्यात बाया पुरणाचे उंडे करीत, ती मोडून पुन्हा करी. सून अनशी दारी रांगोळी काढी, ती पुसून पुन्हा काढी. मग नवरा म्हणाला, "तूच घाल." बाया म्हणाल्या, "तुम्हीच करा." अनशीनं बोलणंच सोडलं. म्हाळसाबाई गावभर सांगे, "माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही." बायांनो, माझ्याकडे काय बघता? हातातले तांदूळ सांभाळा.

मग भादवा आला. गौरी यायचा दिवस. अनशीनं उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली आणि पाणवठ्यावर गौर आणायला गेली. मागं म्हाळसाबाईनं पाहिलं. एक पाऊल मोठं, एक लहान, एक अगदीच वाकडं. मग ओलं फडकं घेतलं, सगळी पुसली, आपली काढली. साच्यातून काढल्यासारखी.

अनशी तेरड्याची गौर ताम्हणात घेऊन दारी आली. म्हाळसाबाईनं विचारलं, "गौरी गौरी, कशाच्या पावलांनी आलीस?" अनशीनं "सोन्याच्या" म्हणायचं, तशी रीत. पण पावलं तिनं काढलेली नव्हती, ती दारातच थांबली. ताम्हण जड झालं, हातातून खाली टेकलं. अनशीनं उचलून पाहिलं, हलेना. सासऱ्यानं उचलून पाहिलं, हलेना. म्हाळसाबाईनं उचलून पाहिलं, हलेना. दिवस कलला. दिवस बुडायच्या आत गौर घरात आली नाही, तर ती माघारी जायची, घर सुनं राहायचं.

म्हाळसाबाईनं हात जोडले. "आई, चल ना आत. पावलं काढलीत."

वारा नव्हता, तरी तेरड्याची पानं हलली. गौर बोलली, "ही तुझी पावलं. तूच ये त्यांवरून. डोंगर उतरून, काटे तुडवून लेक माहेरी येते, तिची पावलं सरळ पडतील का? माझी पावलं कुठं गेली?"

म्हाळसाबाईच्या अंगावर काटा आला. अनशीला म्हणाली, "तू मुद्दाम वाकडी काढलीस?"

"मी या घरी आले, तेव्हा माझी पावलंही अशीच पडली होती, सासूबाई."

मग म्हाळसाबाई रडली. "आई, मी काय करू?"

"वसा घे. दुसऱ्याच्या हातचं मोडू नये. विचारल्यावाचून शिकवू नये. हात शिवशिवले तर पदरात बांधावे."

म्हाळसाबाईनं पदरात हात बांधले. अनशी पावलं काढू लागली. एक वाकडं पडलं, बाई कळवळली. दुसरं त्याहून वाकडं पडलं, बाईनं डोळे मिटले. तिसरं पडलं, बाईनं सोडून दिलं. मग ताम्हण फुलासारखं हलकं झालं. अनशी गौर घेऊन आत गेली. मागं वळून पाहतात तो ओल्या कुंकवात टाच उमटलेली, बोटं उमटलेली, पाऊल न् पाऊल सोन्याचं. सगळी होती तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मुदपाकखान्यात उंडे लहानमोठे झाले. बाईचे हात पदरात. राजा पोटभर जेवला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. बाया हसू लागल्या, बोलू लागल्या. घरी अनशीनं सासूला पाटावर बसवलं, म्हणाली, "सासूबाई, तव्यावरची आहे, गरम खा." उभ्या जन्मात म्हाळसाबाईनं गरम पोळी खाल्ली नव्हती.

जशी गौर तिच्या घरी आली, तशी तुमच्याआमच्या घरी येवो. साठां बोलांची कहाणी पांचा बोलांत सांगितली. कुठं वाकडी पडली असेल, तर तशीच राहू द्या. सुफळ संपूर्ण.