भिवराचे रिकामे सरण

उंबरधारच्या डोंगरावर पाऊस आजच्याहून जास्त पडे आणि माणसे आजच्याहून लवकर मरत, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा गावात भिवरा नावाची लोहारीण होती. नवरा कुशाबा ऐरणीवर लोखंड घडवी आणि ही त्याला लेवा चढवी. लेवा म्हणजे लेप. पण चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला बाया राखेचा लावतात, तो नव्हे. भट्टीतले लोहकीट, कोळशाची पूड आणि वारुळाची माती ती वस्त्रगाळ करी, जवसाच्या कढवलेल्या तेलात कालवी आणि काळाभोर लेवा करी. शेगडीला, काहिलीला, तव्याच्या पाठीला तो एकदा बसला, की लोखंडाला ना विस्तव खाई, ना गंज. भिवराच्या हातची शेगडी सुनेच्या सुनेपर्यंत पुरे, असं म्हणतात.

तिचा दंडक कडक होता. आधी गंज खरवडून लोखंड उजळ करायचे, मग लेव्याचे दोन पातळ हात द्यायचे, आणि पहिली आच रिकामी द्यायची. दारे-खिडक्या सताड उघड्या टाकून, शेगडीवर काहीही न ठेवता, काटक्यांचा मंद जाळ. याला ती 'आच पाजणे' म्हणे. एखादी घाईची बाई विचारी, "भिवराकाकू, जाळ लावायचाच तर वर चार भाकऱ्या भाजल्या म्हणून काय बिघडलं?"

"भाज की," भिवरा म्हणे. "भाकरीला तेलाचा वास, लेव्याला फोड. मग नवऱ्याला वाढ, आणि काकूनंच सांगितलं म्हण."

बाया हसत, आणि पहिली आच रिकामी देत.

त्या डोंगरावर आषाढात जमीन पाझरते; भुईवर रचलेले सरण पेट घेत नाही. म्हणून कुशाबाने मसणवट्यातल्या पत्र्याखाली लोखंडी माची घडवून दिली होती. चार पाय, वर आडव्या सळया. त्यांवर लाकडे रचायची. माचीला मात्र लेवा नव्हता. मसणवट्यातल्या वस्तूला बाईमाणसाचा हात लागू नये, असा गावाचा रिवाज होता, आणि लेव्याचे काम कुशाबाला येत नव्हते.

मग एका आषाढात त्यांचा मुलगा सोमा तापाने गेला. नुकतीच मिसरूड फुटलेली. पुरुष त्याला घेऊन गेले. भिवरा उंबऱ्याच्या आत राहिली. सरण अर्धे जळाले, आणि माचीचा गंजलेला पाय मोडला. लाकडे आणि लेकरू, दोन्ही चिखलात गेली. वाऱ्याने पत्रा आधीच उचकटला होता. वरून पाऊस कोसळत होता. पुरुषांनी जमले तेवढे केले, आणि घरी परतल्यावर कोणी तोंड उघडले नाही. कुशाबाने हातोडा ऐरणीखाली सारला, तो पुन्हा काढला नाही. भिवराला ते पाणवठ्यावर कळले. "अर्धाच गेला गं पोरगा," एक बाई दुसरीला म्हणाली. मागे भिवरा घागर घेऊन उभी आहे, हे तिला दिसले नव्हते.

अर्धा जळलेला माणूस घरी ऊब मागायला येतो, असं म्हणतात. भिवराच्या घरी रोज दिवेलागणीला शेगडीजवळची जमीन ओली होई, दोन पावलांएवढी. छप्पर गळत असेल, असे शहाण्याने म्हणावे. पण पाऊस सरला, दिवाळी झाली, तरी ती ओल येतच राहिली. भिवरा ती पुसत नसे. शेगडी तेवढी त्या बाजूला सरकवी.

मसणवटा वाळला, मोडक्या माचीला शेजारगावच्या लोहाराने नवा पाय जोडला, आणि भिवरा पदर खोचून रावजी पाटलांच्या ओट्यासमोर उभी राहिली.

"पाटील, माचीला मी लेवा देणार. आणि पहिली आच रिकामी पाजणार."

ओट्यावरची माणसे मागे सरकली. रिकामे सरण माणूस मागते, ही तिथली जुनी समजूत. मसणवट्यात प्रेताविना जाळ केला, की वर्षाच्या आत तो कुणाला तरी बोलावून घेतो.

"लेवा दे," पाटील शेवटी म्हणाले. "बाईचा हात लागला तर तेही सोसू. पण रिकामी आच नाही. पुढचं मयत येईल तेच आच पाजेल."

"पुढचं मयत कुणाचं, पाटील? तुमच्या आईचं? कच्चा लेवा मोठ्या जाळात पोपडे धरतो. खालचं लोखंड उघडं पडतं. मग आषाढ आहेच."

पाटलांची आई आतल्या खोलीत खोकत होती. पाटलांचा आवाज उतरला. "मग असं करू, भिवरा. सोमाचं नाव घेऊन पेटवू. तो अर्धा राहिलाच आहे. सरणाला माणूस मिळेल, पोरगंही सुटेल."

तेव्हा भिवरा हसली, आणि ज्यांनी ते हसू पाहिले त्यांना त्या दिवशी घास गिळवला नाही, असं म्हणतात.

"त्याला दोनदा जाळू?" ती म्हणाली. "माझं नाव घ्या."

तिने एकटीने गंज खरवडला, दोन पातळ हात दिले, वाळू दिले आणि भर दुपारी माचीवर काटक्यांचा मंद जाळ केला. गाव लांब बांधावर उभे होते. पाटलांनी तिथूनच विचारले, "हे सरण कुणाचं?"

"भिवराचं," भिवरा म्हणाली.

धूर वर गेला नाही. तिच्याभोवती फिरला, पायापासून डोक्यापर्यंत, माप घेतल्यासारखा. मग जाळ निळा झाला आणि लेवा लोखंडात मुरला. असं म्हणतात. जवसाचे तेल तापले की धूर जड होतो, हेही खरे आहे. ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे.

त्या संध्याकाळी शेगडीजवळची जमीन कोरडी होती. भिवराने हात फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि सोमा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. आता ऊब मागायला कोणी येणार नव्हते.

पुढच्या आषाढात पाटलांची आई गेली. ती नव्वदीची होती, म्हणून सरणाला कोणी दोष दिला नाही. माची जागची हलली नाही. म्हातारी धडपणी, पुरती गेली. सरणाने मागितले होते ते आधीच घेतले होते. भिवरा मेली नाही, पण त्या दुपारनंतर तिला ऊब कधी लागली नाही. ती निखारे मुठीत उचली, आणि हाताला चटका बसत नसे. वैशाखात घोंगडी पांघरून ती दारात कुडकुडत बसे, आणि बाया शेगड्या घेऊन आल्या, की त्याच गार हातांनी लेवा देई. ती त्याच वर्षी गेली असे काही सांगतात, म्हातारी होऊन गेली असे काही. दोन्ही खरे असू शकत नाही. पण तिचे सरण विझल्यावर माचीच्या सळया गार होत्या आणि रक्षा चिमूटभरही सापडली नाही, यावर साऱ्यांचे एकमत आहे. जळायचे ते आधीच जळले होते, असं म्हणतात.

आजही वैशाख सरताना उंबरधारच्या बाया मसणवट्यात जातात. हे काम त्यांचेच. गंज खरवडतात, दोन पातळ हात देतात. लेवा आता बाजारातल्या डब्यातून येतो, आच सोसणारा काळा रंग. पहिली आच मंद द्या, असे डब्यावरही छापलेले असते. ते वाचायची त्यांना गरज पडत नाही. रिकाम्या माचीवर काटक्या पेटल्या, की सर्वांत थोरली बाई विचारते, "हे सरण कुणाचं?"

"भिवराचं," साऱ्याजणी मोठ्याने म्हणतात, आणि कडेवरच्या पोरांनाही म्हणायला लावतात. जाळाच्या कानी दुसरे नाव पडू नये.

मग त्या एकामागून एक पुढे होतात, आपली एकेक वाळकी काटकी त्या जाळात ठेवतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "काकू, शेक घ्या."