परमुलूख

मिरजेत एकदा एक परिचारिका जर्मन भाषा शिकत होती. तिचे नाव यशोधरा. जर्मनीतल्या एका रुग्णालयात तिची नोकरी ठरली होती. भाषेची परीक्षा तेवढी बाकी होती. तिला शिकवणारे वझे सर ऐंशीच्या घरातले. शब्दांची मुळे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

एका सकाळी यशोधरा वैतागूनच आली. तिच्या वॉर्डात दैतारी नावाचा ओडिशाचा मजूर होता. परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. तो जेवत नव्हता, शस्त्रक्रियेला तयार होत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून असे.

"हिंदीही जेमतेम कळतं त्याला. हातवारे करून थकले मी. असाच उपाशी राहिला तर हातचा जाईल, सर." मग तिने वही उघडली. "जाऊ दे. आजचा शब्द?"

सरांनी फळ्यावर लिहिले, 'एलेंड'.

"दैन्य, हालअपेष्टा," ती म्हणाली.

"जोडशब्द आहे. फोड कर."

"एकच तर दिसतोय!"

सरांनी खडू ठेवला, काठी घेतली. "चल, तुझ्या वॉर्डात."

वाटेत एका बांधकामावर ओडिशाचे गवंडी होते. त्यांच्याकडून सरांनी तिला एक वाक्य शिकायला लावले, उच्चार नीट जमेपर्यंत. परीक्षा तोंडावर असताना हे काय चालले आहे, तिला उमगेना.

वॉर्डात ती दैतारीजवळ वाकली. "तुमो घर केउंठी?" तुझे घर कुठे?

दैतारीने मान वळवली. आधी त्याचे ओठ नुसतेच हलले, मग तो बोलतच सुटला. तिला त्यातले गावाचे नाव तेवढे कळले. ते तिने उच्चारले, चुकले. त्याने सुधारून दिले आणि तो हसला. थोड्या वेळाने त्याने चार घास भात खाल्ला.

व्हरांड्यात सर म्हणाले, "जुन्या जर्मनमध्ये 'एली' म्हणजे दुसरा आणि 'लेंटी' हे मुलखाशी जोडलेलं. 'एलिलेंटी', परमुलखात असलेला. बोलता बोलता शब्द झिजला आणि त्याचा अर्थ दैन्य झाला. आपण त्याचा पाय पाहत होतो. त्याचं मोडलेलं दुसरंही काही होतं."

यशोधराने दारातून दैतारीच्या खाटेकडे पाहिले.

"सर, तिकडे मला कुणी विचारेल?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" सर हळूच म्हणाले. "इथे विचारणारी एक आहे, एवढं आज कळलं."

ती आत गेली, स्टूल ओढून दैतारीपाशी बसली. संध्याकाळी त्याने शस्त्रक्रियेला होकार दिला.