घाटापलीकडच्या लेकी

फार जुन्या काळी, डोंगरात वसलेल्या एका राज्यात सारजा नावाची बाई राहत होती. नवरा-बायको दोघंच, पण घर हसतं होतं.

एके दिवशी राजाची दवंडी आली. "घाटापलीकडे दिलेल्या आपल्या लेकींचे हाल चाललेत! त्यांना सोडवायला चला!"

लेकींचं नाव काढल्यावर मागे कोण राहणार? सारजाच्या नवऱ्याने भाला उचलला. तिने त्याला ओवाळलं आणि डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवलं.

लढाई जिंकल्याची बातमी आली. नवरा मात्र आला नाही.

तो जिथे पडला तिथे त्याच्या नावाने ओंजळभर पाणी सोडावं, एवढंच आता तिच्या मनात होतं. मीठ वाहणाऱ्या बैलांचा तांडा घाट ओलांडायला निघाला, तशी तीही त्यांच्याबरोबर निघाली.

पलीकडच्या पहिल्याच गावात निम्मी घरं जळालेली होती. एक म्हातारी राखेतून भांडी वेचत होती. सारजाची बोली कानी पडताच तिने मान वर केली.

"कुठली गं तू? बोलतेस तर माझ्या माहेरासारखी!"

सारजाने गावाचं नाव सांगितलं. म्हातारीचे डोळे भरून आले. ती त्याच गावची लेक होती, बायजा तिचं नाव.

"मावशी, इथल्या लोकांनी तुमचा फार छळ केला ना?" सारजाने विचारलं.

"छळ? सासरच्यांनी मला जन्मभर जपलं, बाई. घर जाळलं ते माझ्या माहेरच्यांनी!"

सारजा तिच्याशेजारी खाली बसली. "मग आमची माणसं इथे आली तरी कशाला?"

बायजाने डोंगराकडे बोट केलं. तिथे सारजाच्याच राजाची माणसं चंदनाची झाडं तोडत होती. भरलेल्या गाड्या एकामागून एक घाटाकडे चालल्या होत्या.

नवरा जिथे पडला होता, त्या नदीकाठी सारजाने पाणी सोडलं आणि ती मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन ती बायजाकडे परत आली.

"मावशी, माहेरी चला. तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला पटायचं नाही."

दोघी गावात पोचल्या, तेव्हा चावडीपुढे भाले घेतलेली माणसं उभी होती आणि बायका ओवाळायला आल्या होत्या. प्रधान सांगत होता, "आता पुढच्या खोऱ्यातल्या लेकींना सोडवायचंय!"

"आधी या लेकीचं ऐका," सारजा म्हणाली.

बायजाने सारं सांगितलं. प्रधान ओरडला, "ही शत्रूची हेर आहे!"

तोच एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "हेर कसली? ही माझी बहीण आहे. बायजे, तुझं घर आम्ही जाळलं गं?"

प्रधान सारजाकडे वळला. "नवऱ्याच्या मरणाला बट्टा लावतेस?"

"तो लेकींसाठी गेला. त्याचं मन खरं होतं," सारजा म्हणाली. "त्याला पाठवणारे खोटे निघाले. आता या गावातून कोणी जाणार नाही."

"तुरुंगात टाकीन!"

"टाका. पण मग तुरुंग गावाएवढा मोठा बांधा."

एका बाईने हातातलं तबक खाली ठेवलं. मग दुसरीने. पुरुषांनी भाले भिंतीला टेकवले. एकट्या प्रधानाला आल्या वाटेने परत जावं लागलं.

सारजा आणि बायजा तिथेच थांबल्या नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी तीच हकिकत सांगितली. राजाने दवंड्या पिटल्या, धाक घातला, पण चोपदारांखेरीज त्याच्या बाजूने कोणी उभं राहिना. शेवटी डोंगरावर चंदन तोडणाऱ्या माणसांना त्याने माघारी बोलावलं.

पुढच्या उन्हाळ्यात सारजाच्या गावचे लोक पुन्हा घाट चढले. या वेळी त्यांच्या खांद्यांवर बांबू होते आणि डोक्यांवर गवताचे भारे. जाळलेली घरं त्यांनी आपल्या हातांनी उभी केली. सारजाचा नवरा काही परत येणार नव्हता, पण तिथलं पहिलं छप्पर तिनेच शाकारलं.

तात्पर्य : जो आपला जीव मागतो, त्याला कारण विचारावं, आणि कारण खोटं निघालं, तर ठामपणे नाही म्हणावं.