शेवटचं पोतं

"मग चुकतंय कुठं, आप्पा? तुम्ही बोलत का नाही?"

लिंगाप्पा घाण्याची करकर ऐकत होते. ऐंशीच्या पुढचा हा म्हातारा, आयुष्यभर बैलाच्या घाण्यावर तेल काढत आला होता. शलाकाने त्यांना हातापाया पडून शिकवायला आणलं होतं, आणि चार दिवस ते शेडच्या उंबऱ्यावर नुसते बसून होते.

समोर तिचा लाकडी घाणा. जुनाच, मोटारीवर चालणारा. त्यात पंधरा किलोचं पोतं रिकामं केलं की तासाभरात तिळाला तेल सुटायला हवं. सुटत नव्हतं. तीन दिवसांत तीन पोत्यांचा नुसता चिकट लगदा झाला होता.

आता घाण्यात फिरत होतं ते चौथं. चौथं आणि शेवटचं.

दारात मोटारसायकल थांबली. धाकटा दीर, जयवंत. शेड त्याची.

"काय वहिनी, तेल की तिळगूळ?"

"होतंय, भाऊजी."

"होऊ द्या. उद्या सकाळी कोंबडीच्या पिल्लांची गाडी येतेय. आज डब्यात तेल दिसलं तर पिल्लं दुसरीकडं उतरवीन, शब्द दिलाय मी." तो गाडीवरच बसून राहिला. "नाहीतर घाणा बाहेर काढायला चार माणसं सांगून ठेवलीत."

कोपऱ्यातल्या झोळीत तिची दहा महिन्यांची लेक झोपली होती. घाण्याची करकर चालू असली की ती झोपायची, थांबली की रडत उठायची. आईपेक्षा तिचा घाण्यावर जास्त विश्वास होता.

शलाकाने काठावरचा लगदा चिमटीत दाबून पाहिला. बोटं ओशट झाली. थेंब मात्र नाही.

"तीळ अजून वाळवायला हवे होते," ती पुटपुटली. "दर खेपेला एकेक दिवस ऊन वाढवलं मी. तरी..."

आप्पा उठले. खिडकीतला तांब्या त्यांनी उचलला. पाण्याने भरलेला.

तो खिडकीत तिनेच नेऊन ठेवला होता. पहिल्या दिवशी आप्पांनी तो घाण्याशेजारी ठेवला होता आणि म्हणाले होते, "पाणी लागतं, पोरी." ती हसली होती. डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तिने त्यांना वाचून दाखवल्या होत्या. स्वतः मजकूर लिहून दोनशे छापून घेतलेल्या. 'पाण्याचा थेंबही नाही.' अन्नशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला म्हातारा तेलात पाणी घालायला सांगत होता!

आता त्यांनी तांब्या घाण्यावर धरला.

तिने त्यांचं मनगट पकडलं.

"आप्पा, नको! शेवटचं पोतं आहे हे."

"हं."

"बिघडलं तर..."

"बिघडलंच हाय की."

दारात जयवंत खुदकन हसला. मग हसू आवरून तोही बघू लागला.

आप्पांनी तांब्या तिच्या हातात दिला.

"किती घालू? मोजून सांगा ना. पाव? अर्धा?"

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

तिने ओतलं. घाईत थोडं पाणी तिच्याच पायावर पडलं. घाणा कण्हला. मधला दांडा अडखळला. झोळीत लेक हलली.

"आप्पा, बंद करू?"

आप्पांनी कान घाण्याकडे लावला होता.

"आप्पा!"

"ऐक."

करकर खाली उतरू लागली होती. जड, घोगरी होत चालली होती. आवाज पुरता तसा होईपर्यंत ती थोडं थोडं ओतत राहिली. लगदा हळूहळू कडेला सरकून घट्ट बसू लागला आणि मधल्या खळग्यात काहीतरी चमकलं.

तोटीतून एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक, पिवळी धार. रिकामा डबा वाजू लागला.

जयवंत गाडीवरून उतरला. बोट बुडवून त्याने चाटलं. काही न बोलता मोबाईल काढला आणि बाहेर जात म्हणाला, "हॅलो... पिल्लं चुलत्यांच्या गोठ्यात उतरवा."

शलाकाने डबा तोटीखाली नीट सरकवला. हसू यायला हवं होतं, आला तो राग.

"तीन पोती गेली, आप्पा. पहिल्याच दिवशी माझा हात धरून का नाही ओतायला लावलंत?"

आप्पांनी रिकामा तांब्या घाण्याशेजारी, त्याच्या पहिल्या जागी ठेवला.

"तवा तुझ्यामागं आणखी तीन पोती होती. ऐकलं असतंस व्हय?"