बुंदीची खिडकी

सकाळचे दहा. तिसरा मजला. स्वयंपाकघर.
खिडकी बंद झाली. धाड!

त्या खिडकीत बुंदी बसायची. बुंदी म्हणजे मांजरीचं पिल्लू. पिवळं पिवळं, मूठभर. खिडकीतून ती कावळे बघायची. रोज बघायची.
आता खिडकी बंद. बुंदीला कोणी विचारलं? कोणीच नाही!

टुप टुप टुप. बुंदी गेली आईकडे.
"आई, आई, खिडकी उघड!"
"मुळीच नाही," आई म्हणाली. "जाळीला भोक पडलंय. खाली रस्ता. रस्त्यावर मोटारसायकली. भर्रर्र! पडलीस तर? आधी बाबा जाळी शिवू देत."
"मला बाहेर जायचं नाही. मला बाहेर बघायचंय!"
"मग आधी जाळी शिवायला हवी. जा बाबांकडे."

टुप टुप टुप. बुंदी गेली बाबांकडे.
"बाबा, बाबा, जाळी शिवा!
आई खिडकी उघडेना,
मी कावळे बघू कशी?"
"शिवतो की," बाबा म्हणाले. "पण कशानं? नखानं? आधी आजोबा दाभण देऊ देत."
दाभण म्हणजे जाडजूड सुई.

टुप टुप टुप. बुंदी गेली आजोबांकडे.
"आजोबा, आजोबा, दाभण द्या!
आई खिडकी उघडेना,
बाबा जाळी शिवेनात,
मी कावळे बघू कशी?"
"दाभण डबीत आहे," आजोबा म्हणाले. "पण डबीच दिसेना! माझा चष्मा कोणी पळवला? आधी मिहिकाताई चष्मा शोधू दे."

टुप टुप टुप. बुंदी गेली ताईकडे.
"ताई, ताई, चष्मा शोध!
आई खिडकी उघडेना,
बाबा जाळी शिवेनात,
आजोबा दाभण देईनात,
मी कावळे बघू कशी?"
"मी नाही जा!" ताई म्हणाली. "माझा चेंडू कपाटाखाली गेलाय. आधी कपाट हलू दे."

टुप टुप टुप. बुंदी गेली कपाटाकडे.
"कपाटा, कपाटा, जरा हल!
आई खिडकी उघडेना,
बाबा जाळी शिवेनात,
आजोबा दाभण देईनात,
ताई चष्मा शोधेना,
मी कावळे बघू कशी?"
"कर्रर्र," कपाट म्हणालं. "मी लोखंडाचं. मी हलत नाही. कोणासाठीच नाही. पण तू केवढीशी! जा की खाली."

बुंदी थांबली. शेपटी ताठ केली.
सर्र! गेली आत.
अंधार. धूळ. आक्छी!
पंजा मारला. टप्!
गड गड गड. चेंडू बाहेर!
"शाब्बास, बुंदी!" ताई ओरडली. कपाट मात्र म्हणालं, "कर्रर्र, मीच सुचवलं."

मग ताईनं चष्मा शोधला. कुठे होता? तांदळाच्या डब्यात! आजोबांनी सकाळी तांदूळ निवडले. डब्यात ओतले. चष्म्यासकट!
आजोबांनी दाभण दिलं.
बाबांनी जाळी शिवली. खुप् खुप्. निळी दोरी, घट्ट टाके.
आईनं जाळी ओढून बघितली. एकदा. परत एकदा.
मग खिडकी उघडली.

टुण्! बुंदी खिडकीत.
"काव काव," कावळा म्हणाला.
"म्याव म्याव," बुंदी म्हणाली.
जाळीच्या बाहेर कावळा. जाळीच्या आत बुंदी. शहाणी बुंदी!

पण जाळी शिवताना बाबांना भोकापाशी एक मिशी सापडली होती. लांब. पांढरी.
बाबांची मिशी काळी. आजोबांना मिशी नाही. आईला नाही. ताईलाही नाही.
"मग ही मिशी कोणाची?" बाबांनी विचारलं.
बुंदी कावळे बघत होती.